आधी भात, मग खोली

आधीच सांगून टाकते, माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही चांगलं नाही. चौथीनंतर पेन हाती आलं ते दूधवाल्याचे खाडे लिहिण्यापुरतं. ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं, हे मी अंदाजानेच टाकते. वाचताना अडखळलात तर माफ करा. पण अण्णांबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजे आणि आमच्या घरात दुसरं कोणी लिहिणार नाही.

अण्णा म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आदिलाबादेत आमचं घर कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर आहे. मागच्या अंगणात चार खोल्या आहेत, त्या अण्णा शिकणाऱ्या मुलामुलींना भाड्याने देतात. पण खोली पाहायला कोणी आलं की अण्णा खोली दाखवत नाहीत. त्याच्या हाती पातेलं देतात, मापभर तांदूळ देतात आणि स्टोव्हकडे बोट दाखवतात.

"खोली कुठं पळून नाई चालली. तू आधी भात दाखव."

मुलगा असो की मुलगी, यातून सुटका नाही. झालेला भात अण्णा स्वतः खातात. वरण नाही, लोणचं नाही, नुसता भात, डोळे मिटून. किती कच्चा आणि किती करपलेला भात त्या माणसाच्या पोटात गेला असेल, देव जाणे. मग डोळे उघडून फैसला देतात. नापास झालेल्याला पुढच्या सोमवारी या म्हणतात, पण रागावत नाहीत.

एकदा मंचेरियलहून कोळसा खाणीतले एक साहेब पोराला गाडीत बसवून घेऊन आले. पोराने तांदूळ न धुताच स्टोव्हवर चढवले. अण्णांनी दोन घास खाल्ले आणि सोमवारी या म्हणाले. साहेब तापले. आधी हिंदीत, मग तेलुगूत, भाडं दुप्पट देतो म्हणाले, हा काय तमाशा आहे म्हणाले. अण्णांनी शांतपणे दुसरं पातेलं काढलं आणि साहेबांच्या हाती दिलं. आता बाप आव्हानाला नाही कसं म्हणणार? साहेबांनी बाह्या वर केल्या. त्यांच्या भाताची खीर झाली. पुढच्या सोमवारी दोघंही परत आले. म्हणाले, घरी आठवडाभर सराव केला. त्या दिवशी पोरगा पास झाला, साहेब काठावर राहिले.

अण्णांनी तहसीलमध्ये तीस वर्षं जुन्या कागदांची खोली सांभाळली. तिथून रिटायर झाले, पण ती खोली काही त्यांच्यातून गेली नाही. बोलताना दाखल, खारीज, बरखास्त असेच शब्द येतात. पोरांना सांगतात की सर्टिफिकेटच्या तीन झेरॉक्स काढा, एक पेटीत, एक घरी आणि एक अशा मित्राकडे की ज्याच्याशी भांडण होणार नाही. गावाला जायचं बसभाडं उशीच्या अभ्र्यात शिवून ठेवा, ते सिनेमाला वापरलं तर तुम्ही घरातून खारीज. आईला फोन जेवणाआधी करा, जेवणानंतर माणूस काय जेवलो ते खोटं सांगतो. स्कॉलरशिपचा फॉर्म शेवटच्या दिवशी भरू नका, त्या दिवशी कम्प्युटरसुद्धा सुट्टीवर असतो.

सरकारी हॉस्टेलातली पोरंही सल्ल्याला येतात. त्यांना अण्णांचा एकच मंत्र आहे, बादलीवर नाव, ताटावर नाव, चपलेवर नाव. ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश त्यांच्याकडे तयारच असतो. तामसीच्या एका पोराच्या चपलेवर त्यांनी त्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि मंडल एवढं सगळं लिहिलं. जागा उरली म्हणून दुसऱ्या चपलेवर जिल्हाही लिहिला. ती चप्पल आजवर कोणी चोरली नाही. पोरगाही ती घालत नाही म्हणतात.

आता माझं सांगते. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, समोरून येताना दिसले की बाजूला व्हायचं. लग्नाला सतरा वर्षं झाली, गेल्या पावसाळ्यापर्यंत मी अण्णांशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांना काही हवं असलं की ते अंगणातल्या पोरांना सांगतात, "आत सांगा, चहात साखर कमी हाये." पोरगा दारात येऊन मला सांगतो, मी त्याला सांगते की साखर संपली आहे, तो जाऊन अण्णांना सांगतो. आम्हा दोघांमध्ये चार पावलांचं अंतर असतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं गावाला गेली की पंचाईत होते. माझे मालक सकाळीच भाजी बाजारात अडतीवर जातात ते संध्याकाळी येतात. मग अण्णा कडुलिंबाला सांगतात, "आज वरण खारट झालं." कडुलिंब मला सांगत नाही, पण मला ऐकू येतं.

जाऊबाईंना जाऊन बारा वर्षं झाली. मूलबाळ नाही. अण्णा ओसरीवर पेपर समोर धरून एकटेच जेवायचे.

गेल्या पावसाळ्यात बेज्जूरकडची सुमित्रा आली. बाप भाजीची वाडी करतो. पोरगी इतकीशी, पण पातेलं हाती येताच तांदूळ निवडले, दोनदा धुतले, बोटाच्या पेराने पाणी मोजलं. अण्णांनी घास घेतला, डोळे उघडले आणि दुसरा घास घेतला. पहिल्या फटक्यात पास होणारी ती पहिलीच. तिला बटण लावता येत होतं, फ्यूज बांधता येत होता, झेरॉक्स तिने येतानाच तीन काढल्या होत्या. अण्णांना सांगायला काही उरलं नाही. दोन दिवस ते तिला न येणारी गोष्ट शोधत फिरत होते.

पाचव्या दिवशी ती मला सापडली. तिचा तो सुरेख भात ती शेजारच्या गाईपुढे टाकत होती. मी हात धरला तर रडायला लागली. घरी अकरा माणसं एका ओळीत जेवायला बसतात. इथं एकटीच्या घशाखाली घास उतरत नाही म्हणाली. बॅग भरून ठेवली होती. मला माहीत होतं, तिच्या बापाने कॉलेजला एकदाच हो म्हटलं होतं. ती परत गेली असती तर दुसऱ्यांदा म्हणाला नसता. मामाकडचं स्थळ तयारच होतं.

त्याच दुपारी ती अण्णांकडे गेली आणि तीन हजार अॅडव्हान्स परत मागितला. पैसे न घेता घरी कशी जाणार?

अण्णांनी चष्मा पुसला. म्हणाले, एकदम सगळी रक्कम द्यायचा अधिकार मला नाही. रोज पन्नास मिळतील, सही करून घ्यायचे. पूर्ण झाले की जा, मी अडवणार नाही. घर त्यांचं, पैसा त्यांच्या कपाटात, मग अधिकार कोणाचा ते सुमित्राने विचारलं नाही. सरकारी आवाजच तसा होता.

संध्याकाळी मी कणीक मळत होते. दारात सावली पडली. अण्णा उभे होते. मी त्यांच्या मागे पाहिलं, त्यांचा निरोप सांगायला एखादं पोर असेल म्हणून. कोणी नव्हतं.

"शांता," अण्णा म्हणाले, "पोरगी जेवून नाई राह्यली. मी तिले काय सांगू?"

मी पदर ओढला आणि कणकेकडे बघत म्हटलं, "काई सांगू नका. ताट घेऊन तिच्याजवळ बसा."

ते वळले. मग ओसरीवरचा पाट उचलून मागच्या अंगणात नेला. बाकीच्या पोरांनाही आपापली ताटं आणायला लावलं. पहिल्या दिवशी सगळी परीक्षेला बसल्यासारखी खाली माना घालून जेवली. सुमित्राने चार घास खाल्ले.

मंचेरियलच्या पोराने न राहवून विचारलं, अण्णा, तुम्हाला भात कोणी शिकवला? मी दारामागे उभी होते.

"मी बी शिकाले गेल्तो, वरंगलले," अण्णा म्हणाले. "एकोणिसाव्या दिवशी वापस आलो. घरी सांगितलं, स्वयंपाक जमत नाई." भात कालवत म्हणाले, "भात चांगला जमत होता मले."

सुमित्राने अजून थोडं वरण मागितलं.

मग रोज तसंच चालू झालं. जेवण झालं की अण्णा वही काढायचे, पन्नासची नोट द्यायचे, ती सही करायची. दसऱ्याच्या सुट्टीत ती गावाला गेली. ते दिवस अण्णा एकटेच अंगणात पाट टाकून बसायचे आणि रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला की घास थांबायचा. सुट्टी संपली, ती आली. उरलेले पैसे घ्यायचे होते, म्हणाली. अण्णांनी मान हलवली, हिशोबात तसं बरोबर आहे म्हणाले.

शेवटचे पन्नास उरले तेव्हा अण्णांचा हात आखडला. म्हणाले, आज सुट्टे नाहीत, वीस घे, बाकी रेपु. रेपु म्हणजे उद्या, इथल्या ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ असलेला शब्द. दुसऱ्या दिवशी दहा दिले. तिसऱ्या दिवशी पुन्हा दहा. मग पाच. मग तीन. पोरं ताटात बघून हसायची. सुमित्रा हसायची नाही, नीट सही करायची. अण्णांनी त्या दिवसांत दाढीही केली नाही.

शेवटी दोन रुपये राहिले. त्याचे दोन भाग होण्यासारखे होते, पण तेवढं करायला अण्णांनाही लाज वाटली असावी. नाणं त्यांनी वहीवर ठेवलं आणि मान वर न करता म्हणाले, "घे. आता मोकळी तू."

सुमित्राने नाणं उचललं, कंपासपेटीत टाकलं, सही केली. मग म्हणाली, "अण्णा, उद्या लॅब हाये, मले उशीर होईल. जेवाले थांबजा."

अण्णांनी वही ओढली. सहीच्या खाली एकेक अक्षर कोरत, जुन्या कागदांवर लिहायचे तसं लिहिलं, "रक्कम तीन हजार, पूर्ण परत."