नातेकर सुंदराबाईंच्या रक्तनळीची फत्ते

बुद्धसंवत पंचवीसशे एकोणसत्तर, माहे मार्च, ते समयीं नाते गावीं जी मोहीम जाहली तिची हकीकत धाकटी जाऊ आवडी हिने पाहिली तैसी लिहिली ऐसीजे.

वडील जाऊ सुंदराबाईसाहेब, उमर अठ्ठ्याहत्तर, दरसाल वीस मार्चास चवदार तळ्यापावेतो चार कोस पायी जात. आम्ही दोघी नव्या सुना होतो तेव्हापासूनचा हा शिरस्ता. तेव्हा वाटेस डांबर नव्हते आणि पायीं वहाण नव्हती. यंदा मुंबईहून चिरंजीव अश्वजितराव यांचे फोनावर फर्मान सुटले की, रक्तनळ्यांचे अस्तर धड असल्याचा कागद आणावा, न आणल्यास तळ्यावर रिक्षाने जावे. रिक्षाचे नाव ऐकोन बाईसाहेब बहुत कष्टी जाहल्या, आणि मग सूनबाई उज्वलाबाई व आम्हांसह महाडास कूच केले.

तेथे डॉक्टर विनीतराव यांची तपासणी अजब, ना सुई ना रक्त. कोपराखाली पट्टा आवळून पाच मिनिटे रसद तोडावी, मग एकाएकी सोडावी, आणि वरची नळी किती रुंदावते ते सोनोग्राफीत पाहावे. अस्तर निरोगी तर नळी रुंदावते. अट इतकीच की उपाशी यावे, चहा-तंबाखू वर्ज्य.

"तंबाकू मी खातच नाय," बाईसाहेब बोलिल्या. "सकाळी मिसरी लावली, तेवढीच."

मिसरी हीच तंबाखू, ऐसा निवाडा होवोन फौज एसटीने माघारी आली.

दुसरी स्वारी सतरा तारखेस. उज्वलाबाईंनी आदले सांजेसच मिसरीची डबी जप्त करोन कमरेस खोविली.

"नुसता वास तरी दे गो."

"आई, रिक्षावाल्याला फोन लावू?"

पहाटे बाईसाहेब उपाशीच एसटीत चढल्या.

मग पट्टा आवळला. उजवा हात मुंग्यांनी भरला, बोटे फिकी पडली, आणि डावी तर्जनी सवयीने हिरडीकडे निघाली ती उज्वलाबाईंनी वाटेतच धरिली. वेढा उठताच रक्त पुरातल्या सावित्री नदीसारखे धावले, आणि साडेतीन मिलिमीटरची नळी पावणेचार जाहली. विनीतरावांनी बाकी तब्येतही पाहोन, खुशाल चालावे, ऐसा लेखी कौल दिला.

वीस मार्चास सुंदराबाईसाहेब पायी तळ्यास पोचल्या आणि त्याच उजव्या हाताने पाणी ओठीं लाविले. अश्वजितरावांनी खबरदारीस्तव धाडिलेली रिक्षा मागोमाग होती, ती रिकामी गेली नाही. तपासणी आम्हां धाकटीसही सांगितली होती. परंतु आमची मिसरी एक सकाळही सुटली नाही, सबब कागद नाही, सबब रिक्षा.