पंख्याशी गप्पा

आमच्या बजाजनगरातले अंकुशमामा व्हिडिओ कॉलवर आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत. मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवायचा, पुढ्यात भरलेला कप ठेवायचा आणि म्हणायचं, "घ्या, निवल." पुण्याहून बोलणारी भाची बिचारी "घेते" म्हणते. तो कप नंतर शेजारी म्हणून मला प्यावा लागतो. मामांचा गोतावळा मोठा आहे, त्यामुळे माझं पित्त वाढलं आहे.

कॉलला बसताना मामा इस्त्रीचा शर्ट घालतात, भांग पाडतात. पलीकडचा माणूस लोळत बोलताना दिसला की त्यांचा पारा चढतो. "कुणाच्या घरी गेल्यावर असं लोळतेत का?" कॉल ते स्वतः कधीच बंद करत नाहीत. "पाहुण्याला आपण जा म्हणायचं नसतंय." उलट फोन हातात धरून त्याला गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचवायला जातात. नव्या भाडेकरूंना वाटतं, म्हाताऱ्याला रेंज मिळत नाही.

शुक्रवारचा कॉल मात्र हैदराबादला, गफूरभाईंना. वाळूजच्या कंपनीत दोघं एकाच मशीनवर होते, डबेही एकत्रच उघडायचे. मग गफूरभाईंना अर्धांगवायूचा झटका आला, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. मुलानं त्यांना शहागंजातल्या घरातून हैदराबादला आपल्याकडं नेलं. तेव्हापासून त्यांनी कुणाला चेहरा दाखवलेला नाही. मुलगा फोन हातात देतो आणि ते तो गादीवर उताणा ठेवून देतात. मामांना दिसतो तो छताचा पंखा.

मामा पंख्याशीच बोलतात. "गफूर, लई हळू फिरू राहिला रे हा. रेग्युलेटर बघाय सांग पोराला." पलीकडून एक हुंकार येतो. सुरुवातीला मला हसू यायचं, पुढं पुढं बघवेना.

"मामा, त्यांना नको असेल," मी एकदा म्हणालो.

"नको असतं तर कट केला असता. ठिवतोय ना फोन जवळ?"

गेल्या शुक्रवारी हुंकारही येईना. मामांनी दोनदा हाक मारून पाहिली. मग त्यांनी तोंडात बोटं घालून कवळी काढली आणि बशीत ठेवली. मामांना कवळी आहे हेच मला ठाऊक नव्हतं. गाल आत गेले, हनुवटी नाकाकडं आली. नुसते केस विस्कटलेले असले तरी कॉल न घेणारा हा माणूस ते बोळकं मोबाइलजवळ नेऊन म्हणाला, "गफूर, हे बघ. माह्या बायकोशिवाय कुणी पाह्यलं नव्हतं. हास पाहिजे तेवढं."

पडद्यावरचा पंखा बाजूला सरकला. मग भिंत आली, खिडकी आली, उशी आली आणि हळूहळू एक पांढरी दाढी. गफूरभाई वाकड्या तोंडानं हसत होते, खांदे गदगदत होते.

मामांनी डोळे पुसले आणि त्याच बोळक्या तोंडानं दरडावलं, "फोन सरळ धर जरा. अर्धाच दिसू राहिला तू."