पानी पिवू नका

मुलांनो, एका जंगलात वाघ थोडे होते आणि मोबाइल फार. जंगलाचा एक ग्रुप होता. त्यावर सकाळी सुविचार येत आणि दुपारी भांडणे होत.

जंगलात तळे एकच. त्याच्या काठी एक टिटवी राहत होती. ती शाळेत गेली नव्हती. इतरांचे बघून बघून लिहायला शिकली होती.

एके सकाळी तिला तळ्यात मासे उताणे तरंगताना दिसले. वरच्या अंगाला माणसांनी फवारणीच्या औषधाचे डबे ओढ्यात विसळले होते. टिटवी घाबरली. तिने लगेच ग्रुपवर लिहिले, ‘तळ्याचं पानी पिवू नका. मासे मेलेत.’

ग्रुपमध्ये साळिंदर गुरुजी होते. अंगभर टोकदार लेखण्या बाळगत असल्यामुळे जंगल त्यांना विद्वान समजे. त्यांचे उत्तर दोन मिनिटांत आले. पाण्यातला ‘ण’ बाणाचा असतो, नळाचा ‘न’ तिथे चालत नाही, असे त्यांनी कळवले. ‘पिवू’ असे रूप मराठीत नाही, हेही कळवले. माशांबद्दल त्यांना काही म्हणायचे नव्हते.

वानरांना गंमत वाटली. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एका वानराने टिटवीची नक्कल करून व्हिडिओ टाकला. तो तळ्यापेक्षा जास्त जणांनी पाहिला.

एक भेकर सकाळपासून तहानलेले होते. टिटवीचा निरोप वाचून ते अर्ध्या वाटेत थांबलेही होते. मग त्याने खालची चर्चा वाचली. सोबतच्या सांबराला ते म्हणाले, “जिला ‘ण’ लिहिता येत नाही, तिला विष काय कळणार?”

सांबराला हे पटले. दोघे तळ्याकडे निघाले.

इकडे टिटवीने लाजून पोस्ट काढून टाकली आणि ती गुरुजींच्या बिळापाशी गेली. गुरुजींनी लिहिले तर सगळे ऐकतील, असे तिला वाटले.

“गुरुजी, माझी मदत करा,” ती म्हणाली.

“‘मला मदत करा.’ ‘माझी मदत’ हे हिंदीचे खरकटे आहे.”

“मला मदत करा.”

“आता बरोबर,” गुरुजी म्हणाले आणि पुन्हा मोबाइलमध्ये शिरले.

टिटवी हटली नाही. तेव्हा गुरुजींनी मजकूर तपासायला घेतला. ‘तळ्याचं’चे ‘तळ्याचे’ केले. ‘मेलेत’ त्यांना उर्मट वाटले. ‘मृत्युमुखी’मधला ‘त्यु’ ऱ्हस्व की दीर्घ, हे पाहायला त्यांनी कोश काढला. मग अर्धविराम द्यावा की पूर्णविराम, यावर विचार केला. टिटवी दारात पायांवर पाय बदलत उभी होती. गुरुजींना घाई नव्हती. त्यांची तहान कंदमुळांवर भागत असे.

दुपारी गुरुजींनी स्वतःच्या नावाने पोस्ट टाकली : ‘तळ्याचे पाणी कृपया पिऊ नये; मासे मृत्युमुखी पडले आहेत.’

टिटवी धावत-उडत तळ्यावर आली. काठावर भेकर आणि सांबर आडवे पडले होते. त्यांच्यापलीकडे आणखी बरेच जण होते. भेकराचे डोळे उघडे होते. टिटवी त्याच्याजवळ बसली.

इतक्यात रानडुकरांचा कळप पाण्यावर आला. डुकरांकडे मोबाइल नव्हते. टिटवी उठली, त्यांच्या तोंडासमोर पंख आपटू लागली, गळा फाटेपर्यंत ओरडली. तिच्या ओरडण्यात किती चुका होत्या, हे डुकरांना कळले नाही. कळप गुमान मागे फिरला.

संध्याकाळी गुरुजींच्या पोस्टचे फार कौतुक झाले. विशेषतः अर्धविरामाचे.

दुसऱ्या दिवशी ग्रुपने ठराव केला. यापुढे धोक्याची कोणतीही सूचना गुरुजींनी तपासल्याशिवाय टाकू नये. गुरुजी सकाळी दहा ते अकरा भेटतील. रविवारी सुट्टी. आदल्या दिवशी गोंधळ माजवल्याबद्दल टिटवीला ग्रुपमधून काढण्यात आले. ठरावात ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती.

तात्पर्य : अशुद्ध लिहून जीव वाचवण्यापेक्षा शुद्ध लिहून शोक करावा. जे वाचतील, ते वाचतील.