मोराचा पलंग

काशीरामजी कोणाच्याही घरी गेले की यजमानाशी बोलण्यापूर्वी त्याच्या टेबलाखाली हात घालीत. तळवा उलटा करून फळीची खालची बाजू ते सावकाश चाचपीत आणि बहुधा चहा येण्याच्या सुमारास निकाल देत, "वरून सावकार, खालून उघडा." त्यामुळे साकोलीत त्यांना आग्रहाने बोलावणारी घरे फारशी उरली नव्हती. माझ्या टेबलाविषयी ते काहीच बोलले नाहीत. फक्त हात धोतराला पुसला. मी शाळेतला नवा मास्तर, तेही शेजारचा, म्हणून मला एवढी सवलत मिळाली असावी.

हमरस्त्यावर त्यांचे धानाचे दुकान होते आणि ते चांगले चालत होते. जंगल खात्याच्या डेपोत लिलाव असला, की मात्र दुकान बंद. लिलावात घेतलेले सागवान चिरून परसात छपराखाली रचून ठेवायचे आणि वर्षानुवर्षे वाळू द्यायचे, हा त्यांचा खरा व्यवसाय. मग गोपाळा वाढई, म्हणजे सुतार, कामाला लागे आणि काशीरामजी समोर बसत. त्यांची सूचना एकच असे : "कमी कर." खुर्चीच्या हातावर वेल कोरू का? कमी कर. पायाला गोलाई देऊ का? कमी कर. शेवटी जी खुर्ची उरे तिच्यात खिळा दिसत नसे, सांधा सापडत नसे, आणि हात ठेवला तर उचलावासा वाटत नसे. पण हात ठेवायला कोण येणार?

कारण तो काळ सनमायकाचा होता. प्रतिष्ठित घरात काचेचे शोकेस, त्यात प्लॅस्टिकची फुले आणि आरशाचे कपाट असेच असे. काशीरामजींच्या बैठकीत एक लांब बाक, दोन खुर्च्या, एक बुटके मेज आणि चुन्याची पांढरी भिंत. एका पाहुण्याने सभोवार पाहून अदबीने विचारले होते, की फर्निचर केव्हा येणार आहे. ही हकिकत वहिनी, म्हणजे काशीरामजींच्या पत्नी, पहिली काही वर्षे हसत सांगत.

त्यांची मुलगी मंदा लग्नाची झाली आणि ते हसणे थांबले. तुमसरची मंडळी मुलगी पाहून गेली. मुलगी पसंत होती, पण मध्यस्थाकडून निरोप आला, की दुकान बसलेले दिसते, घरातले सामान विकून राहिले. दुसरी मंडळी आली तेव्हा वहिनींनी शेजारून चार लोखंडी खुर्च्या मागवल्या. काशीरामजींनी त्या दारातूनच परत पाठवल्या. ती मंडळीही गेली. त्या एका बाकाच्या किमतीत मध्यस्थाच्या घरचे सारे सोफे आले असते, हे मला ठाऊक होते. तसे मध्यस्थाला एकदा सांगून टाका, असे मी चाचरत सुचवले.

"सांगून कळलं त काय कळलं, गुरुजी?" ते म्हणाले. "नजर असन त दिसते."

तिसरे स्थळ लाखनीचे. मुलगा नोकरीत, माणसे बरी. त्यांनी एकच अट घातली : आंदण मांडवात मांडल्यावर चार लोकांत शोभले पाहिजे. आमच्याकडे लेकीला दिलेले सामान मांडवात ओळीने मांडतात आणि सारा गाव ते ठोकून, वाकून पाहतो. पलंगाला मोर हवा, असे व्याह्यांनी आवर्जून कळवले.

काशीरामजी नेहमीचे "कमी कर" म्हणणार, तोच मंदा आतून बाहेर आली. ती वडिलांपुढे कधी बोलत नसे.

"बाबा, मले तुमच्यासारखं नाही राहाचं. लोक मले गरिबाची पोरगी समजते. मले मोराचाच पलंग द्या."

काशीरामजी "देतो" म्हणाले.

तिला ठाऊक नव्हते, की तिचा पलंग गोपाळाच्या छपरीत केव्हाचा तयार होता. घरातले सर्वांत जुने, सर्वांत वाळलेले सागवान त्याला लावले होते. अजून काही कमी करता येईल का, या विचारात तो तिथेच राहिला होता आणि अपुरी वस्तू दाखवायची नाही, हा त्यांचा नियम होता. दुसऱ्या दिवशी ते मला तिकडे घेऊन गेले. मला वाटले, तो विकायचा असेल. त्यांनी बरोबर आणलेली गुंडाळी उलगडली : लाल फुलांचा सनमायका.

गोपाळा हातातला रंधा तसाच धरून उभा राहिला. "मालक, यावर?"

"यावरच. उशाले मोर ठोक. खालून रंग मार, लाकूड दिसलं नाही पायजे." मग ते म्हणाले, "आन करशील त पक्कं कर."

मांडवात पलंगाभोवती गर्दी लोटली. व्याह्यांनी मोराच्या पिसाऱ्यावर टिचकी मारली आणि काशीरामजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, "आता कसं! घरात काहून ठेवत नाही असं?" काशीरामजी कसेबसे हसले. मंदा वळून वळून पलंगाकडे पाहत होती. तिला इतक्या आनंदात मी तोवर पाहिले नव्हते.

पाठवणी करून परतताना ते मला एवढेच म्हणाले, की पाचसहा पावसाळ्यांत सनमायकाचे कोपरे सुटतात. तेव्हा पोरगी आत पाहील.

ते पावसाळे होऊन गेले. वहिनीही गेल्या. दुकान पुतण्याने घेतले. एका दिवाळीनंतर काशीरामजींना घेऊन मी लाखनीला गेलो. मंदाने आम्हाला त्याच पलंगावर बसवले आणि ती चहा ठेवायला आत गेली. ती वळताच काशीरामजींचे नख उशाकडच्या कडेवर फिरू लागले. एक कोपरा, मग दुसरा. त्यांनी तो पुनःपुन्हा उचलून पाहिला. कागदाइतकीही फट नव्हती.

चहा घेऊन आलेल्या मंदाने ते पाहिले आणि तिला कौतुक वाटले.

"पाहा न बाबा, शेजारणीचा केव्हाच निंगाला. आपला अजून तसाच आहे." मग पदराने मोर पुसत ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, जिंदगीभर कोणाचं आयकलं नाही बाबानं. माझ्यासाठी येवढी एक वस्तू लोकाईसारखी आणली."

मी काशीरामजींकडे पाहिले. त्यांनी बोट कडेवरून काढून घेतले आणि कपबशी दोन्ही हातांनी धरली.

"चांगला आहे," ते म्हणाले. "टिकन."