डल्सीमावशीचं ठरत नाही

त्या दिवशी सकाळी अल्बर्टाहून रोलंडचा फोन आला आणि त्याने नेहमीचाच प्रश्न विचारला, "आई, ठरलं का गं तुझं?"

डल्सीमावशीचं काही ठरलेलं नव्हतं. नवरा हेडली गेल्यापासून ती पिंचर्स कोव्ह या किनाऱ्यावरच्या खेड्यातल्या घरात एकटीच राहत होती. एकुलता एक मुलगा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, तेलाच्या खाणीवर. घर विकून माझ्याकडे ये, असा त्याचा धोशा होता. तिच्यासाठी म्हणून त्याने तळघरातल्या खोलीला पिवळा रंगसुद्धा लावून घेतला होता.

"बघते," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. उपसागरात अजून बर्फाचे तुकडे हिंदकळत होते. समोरच्या ज्या घरांतून एके काळी पोरं नुसती सांडायची, त्यांच्या खिडक्यांवर आता फळ्या ठोकलेल्या होत्या. सगळी अल्बर्टाला.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. पुढचं दार वाजवणारा माणूस म्हणजे परका. आमच्याकडे गावातलं माणूस मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात येतं. मावशीने दार उघडलं, तर निळं जाकीट घातलेली, नाक गारठून लाल झालेली एक बाई उभी.

"मावशी, मी रॉक्सॅन. ठरलं का तुमचं?"

मावशीचं डोकं अजून अल्बर्टातच होतं. "नाही गं बाई," ती म्हणाली. "कसं ठरवायचं? सगळा जन्म एका ठिकाणी काढला."

रॉक्सॅनचे डोळे चमकले. "तेच तर म्हणते मी! इतकी वर्षं एकाच ठिकाणी राहून मिळालं काय? एकदा बदलून तर बघा."

"तोही हेच म्हणतो."

"कोण?"

"रोलंड. माझा मुलगा."

"म्हणजे तुमचे चिरंजीव आमच्याच बाजूचे!"

"तुमच्या बाजूचा? तू अल्बर्टाची का?"

मग उलगडा झाला, की ही पोरगी निवडणुकीसाठी निळ्या पक्षाची मतं मागत फिरते आहे. पण तोवर मावशीने किटली चढवली होती आणि रॉक्सॅन मनुके घातलेल्या बन्सना लोणी लावून खात होती. शेजारच्या बंदरात तिचं केस कापायचं दुकान होतं. नवरा सहा-सहा आठवडे बोटीवर. ती बराच वेळ बसली, खूप बोलली, आणि जाताना फोनवर काहीतरी टिपून म्हणाली, "सावकाश ठरवा हं मावशी. मी येईन परत."

ती गेली तशी शेजारची ग्वेन मागच्या दाराने आत आली. "इथं तासभर बसली होय ती बया? माझ्या दारात मिनिटभरसुद्धा थांबली नाही."

"का गं?"

"मला म्हणाली, ठरलं का? मी म्हटलं, ठरलंय, लाल. तर 'बरं' म्हणून चालती झाली. चहा राहू दे, हवा कशी आहे तेसुद्धा विचारलं नाही मेलीने."

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. मग उठून तिने उरलेले बन्स डब्यात भरून ठेवले. लागतील म्हणून.

दुसऱ्याच दिवशी लाल पक्षाचा सिरिल बंगी धापा टाकत आला. मासळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा गडी पक्षाचं काम अशा थाटात करायचा, जणू सबंध देश त्याच्याच खांद्यावर आहे.

"मावशी, हे मी काय ऐकतोय? हेडलीकाकांच्या घरात, आणि ठरत नाही?"

"काय करू बाळा? ही महागाई, ते फेरीबोटीचं भाडं. डोकं चालत नाही."

"फेरीबोटीवर आमच्या उमेदवाराचं म्हणणं असं आहे—"

"बस आधी. बूट काढ. आणि ते दार नीट लाव, वाऱ्याने आपटतं."

दार नीट लागत नव्हतं. सिरिलने ट्रकमधून हत्यारं आणून बिजागरी बसवली. तोवर मासा शिजला, मग जेवूनच जा असं झालं. जाताना त्याने विचारलं, "मग धरू ना मत आमचं?"

"कॉड मासा पकडायला सरकार पोरांना जास्त दिवस कधी देणार, तेवढं विचारून ये तुझ्या उमेदवाराला," मावशी म्हणाली. "मग बघू."

बस, हे तिला पुरतं उमगलं. प्रश्न असा विचारायचा की उत्तर आणायला माणसाला परत जावं लागेल, आणि उत्तर सांगायला परत यावं लागेल. निळ्यांना तिने दवाखान्यात डॉक्टर का टिकत नाही ते विचारलं. लालांना पेन्शनचं विचारलं. उत्तरं आली की ती मान डोलवायची, "पटतंय हो," म्हणायची आणि दाराशी निरोप देताना उसासा टाकायची, "पण ते दुसरे म्हणतात त्यातही तथ्य आहे बरं का."

रॉक्सॅनने तिचे केस स्वयंपाकघरातच कापून, सेट करून दिले. सिरिलने सबंध हिवाळ्याचं लाकूड फोडून रचलं. रॉक्सॅनने पडदे धुतले. मग सिरिलने आपल्या उमेदवारालाच घेऊन यायचं ठरवलं. तो बिचारा दमला होता. मावशीच्या बाकावर बसल्या बसल्या झोपला, आणि मावशीने त्याच्या अंगावर शाल टाकली. उमेदवार उठून पुढच्या गावाला गेला, सिरिल मागे रेंगाळला. हे रॉक्सॅनला कळलं, तेव्हा ती कात्री, सामान सगळं घेऊन वाऱ्यासारखी आली. मागच्या दाराने.

"सिरिलकाका, उमेदवार आणलात म्हणे मावशीकडे झोपायला?"

"आमचा उमेदवार झोपतो तरी. तुमचा या बाजूला फिरकलाय का?"

"मावशीचं मन वळतंय ते बघवत नाही तुम्हाला!"

"वळतंय? लाकडं कुणी फोडली?"

"केस कुणी कापले?"

"अरे, भांडता काय?" मावशी म्हणाली. आवाज ऐकून ग्वेनही आली होती. "चौघं आहोत. पत्ते काढ गं ग्वेन."

आमच्याकडे एकशेवीसचा डाव चौघांशिवाय रंगत नाही. हेडली गेल्यापासून मावशीकडचे पत्ते खणातच होते. सिरिल आणि ग्वेन एका बाजूला, मावशी आणि रॉक्सॅन दुसऱ्या. पहिल्याच डावात सिरिलने टेबलावर अशी मूठ आपटली की बशा नाचल्या. मावशी चहा टाकायला उठली. सवयीने तिने छोटी किटली उचलली, मग खाली ठेवली आणि फडताळाच्या वरच्या फळीवरून मोठी काढली. आत धूळ होती. ती धुताना मावशीची पाठ सगळ्यांकडे होती आणि नळ जरा जास्तच वेळ चालू राहिला. ग्वेनच्या ते ध्यानात आलं. ती पानं पिसत राहिली.

त्या दिवसापासून दोघंही रोज दुपारी येऊ लागले. मी नाही गेलो आणि दुसरा गेला तर, ही दोघांनाही धास्ती. पक्षांच्या कचेऱ्यांतून बोलणी बसू लागली, की बाबांनो, या मतदारसंघात तेवढं एकच घर आहे का? सिरिल सांगायचा, "साहेब, नाजूक काम आहे. एक-दोन भेटींत होणार नाही." रॉक्सॅनही तिकडे तेच सांगत होती.

मतदानाचा दिवस उजाडला. केंद्र शेजारच्या बंदरात, चर्चच्या हॉलमध्ये. दुपारी मावशीच्या दारात लाल फलक लावलेला ट्रक आणि निळा फलक लावलेली गाडी नाकाला नाक लावून उभी.

"मावशी माझ्या ट्रकमधून येतील."

"त्या ट्रकमध्ये चढायला शिडी लागते. माझ्या गाडीत हीटर आहे."

"म्हणजे सगळ्या जगासमोर निळ्या गाडीतून उतरायचं त्यांनी?"

शेवटी तोडगा निघाला. गाडी रॉक्सॅनची, फलक काढलेला, आणि चालवणार सिरिल. एकमेकांवर नजर ठेवायची म्हणून दोघांनी स्वतःचं मतही अजून टाकलं नव्हतं. आधी मावशीचं, मग आपलं. ग्वेन आगाऊ मतदानातच मोकळी झाली होती, ती नुसती गंमत बघायला येणार होती.

"निघायच्या आधी एक डाव होऊ दे," मावशी म्हणाली. "उद्यापासून कुठं भेटणार तुम्ही?"

एकाचे तीन डाव झाले. निघाले तेव्हा ऊन कलंडलं होतं. तरी वेळ होता. पण दलदलीच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध एक मूस, म्हणजे इकडचा दांडगा सांबर, उभा होता, घोड्याहून उंच, कुणाची पर्वा नसलेला. सिरिलने गाडी डावीकडे घातली. "उजवीकडे! उजवीकडे!" रॉक्सॅन ओरडली. गाडी रस्ता सोडून घसरली आणि अलगद खड्ड्यातल्या चिखलात जाऊन बसली.

"डावीकडे घातलीत की हो काका! निदान या कामाला तरी पक्ष बाजूला ठेवायचा!"

कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण चाकं चिखलात रुतली होती आणि त्या वळणावर फोन लागत नाही, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. मूस थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग जंगलात निघून गेला. मावशीने पिशवीतून चहाचा थर्मास काढला.

चहा पिता पिता सिरिल रडकुंडीला आला. "मावशी, आता तरी सांगा. एवढं केलं आम्ही. शेवटी काय ठरवलं होतं?"

"ठरवायचं काय त्यात?" मावशी म्हणाली. "माझं मत लग्नाआधीपासून ठरलेलं आहे."

सिरिलने चहाचा कप खाली ठेवला.

"मग सांगितलं का नाही?" रॉक्सॅनने विचारलं.

"ग्वेनने सांगितलं ना तुला दारात. किती वेळ थांबलीस तिच्याकडे?"

रॉक्सॅन खाली बघू लागली.

"मी सांगितलं असतं, तर एकजण हरलो म्हणून आला नसता आणि दुसरा जिंकलो म्हणून," मावशी म्हणाली. "हेडली होता तेव्हा माझं स्वयंपाकघर कधी रिकामं नसायचं. तुमचा वेळ घेतला मी पोरांनो. चुकलंच माझं."

सिरिलने घसा खाकरला. "लाकडं मी तशीही फोडली असती," तो म्हणाला. हे खोटं होतं, पण म्हणाला. रॉक्सॅनने मागे वळून मावशीचा हात धरला. मत नेमकं कुणाला, हे विचारायचं त्या गडबडीत राहूनच गेलं.

बर्फ सारणारी गाडी परत जाताना त्यांना ओढून काढून गेली. ती चौघं हॉलवर पोचली, तेव्हा मतदान संपलं होतं आणि आत मतपत्रिकांवर खुणा करायच्या पेन्सिली गोळा करत होते.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. दोन्ही पक्षांनी आपापल्या माणसाला झाडलं. सिरिल तोंड लपवून घरी बसला, रॉक्सॅन दुकानात. मावशीकडे कुणी येईना. मोजणी अटीतटीची झाली असून न्यायाधीशांपुढे फेरमोजणी चालू आहे, असं रेडिओवर सांगत होते. मावशीने तो बंद करून टाकला. मोठी किटली वर गेली. रोलंडचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "तिकीट काढ बाळा. येते मी." आणि कपड्यांची बॅग भरायला घेतली. ग्वेन दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी ग्वेन बूट न घालताच धावत आली. "डल्सी! सारखी झाली!"

"काय सारखी झाली?"

"मतं! लाल आणि निळी, फेरमोजणीतही सारखी! सगळी निवडणूक परत घ्यायचीय आपल्याकडे! अगं, तू त्या दिवशी पोचली असतीस तर—"

मावशी पलंगावर बॅगेशेजारी बसली.

त्या दुपारी प्रांताच्या राजधानीतून, सेंट जॉन्सहून फोन आले. दोन्ही पक्षांतून आले. मोठमोठी माणसं अदबीने बोलत होती. मावशी, आमचे वरिष्ठ तुम्हाला स्वतः भेटायला येतील, केव्हा सोयीचं पडेल? मावशीने दोघांनाही एकच उत्तर दिलं, "वरिष्ठबिरिष्ठ नकोत. सिरिलला पाठवा," आणि, "रॉक्सॅनला पाठवा. बाकी कुणाला मी दार उघडणार नाही."

संध्याकाळी रोलंडचा फोन आला, तेव्हा टेबलावर तिसरा डाव चालू होता.

"आई, तिकीट काढलं."

"परत कर. मला यायचं नाही."

"अगं, पण तुझं ठरलं होतं ना?"

"आता हे ठरलं. इथं माझ्यावाचून अडलंय, बाळा."

 मावशीला वाटलं, आता हा रागावणार. टेबलावर सिरिलने मूठ आपटली, बशा वाजल्या, रॉक्सॅन खळखळून हसली.

"आई," रोलंड हळूच म्हणाला, "पत्ते चाललेत?"

"हो रे."

"एकशेवीस?"

"मग दुसरं काय?"

"फोन ठेवू नकोस. तसाच टेबलावर ठेव ना थोडा वेळ. मी काही बोलत नाही, नुसता ऐकतो. इथं जेवण आटोपलंय, काही काम नाहीये मला."

मावशीने फोन साखरेच्या भांड्याला टेकवून ठेवला आणि पानं उचलली. तिने एप्रनच्या टोकाने डोळे पुसले. बराच वेळ फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता. मग ग्वेन खोकली.

"आई!" अल्बर्टाहून आवाज आला. "सांभाळ! हुकमाचा पंजा ग्वेनमावशीकडे आहे. ती अशीच खोकते!"

"मेल्या!" ग्वेन फोनवर ओरडली आणि तिने सगळ्यात मोठं असलेलं ते पान टेबलावर आदळलं. "एवढंच कळतं तर ये की इथं खेळायला!"