दोन्ही तुकडे

पारसकाकांकडे तुटलेली वस्तू न्यायची तर तिचे दोन्ही तुकडे न्यावे लागतात. एकच नेला तर ते दारातूनच परत पाठवतात. आमच्या जुन्या जालन्यातल्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत आहे. शेजारची सुमन एकदा बादलीची तुटकी कडी घेऊन आली.

"दुसरा तुकडा कुठंय?" काकांनी विचारलं.

"नालीत पडला असंल."

"मंग नालीत बघा. एका तुकड्याचं ऐकून निकाल द्यायचा न्हाई."

"काका, मला निकाल न्हाई, कडी पाहिजे!"

पण कडी जोडणं हे काकांचं काम नाहीच. ती का तुटली, तेवढंच ते सांगतात. सळ्यांच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर हेच केलं. घरचं कापडाचं दुकान धाकट्या भावाने, सुगनशेठनी, सांभाळलं. पुढे घराची वाटणी झाली आणि मधे भिंत आली. मी दोन्हीकडे पोळ्या करते. फारसं बोलत नाही, म्हणून दोन्हीकडे चालते.

एकदा मी पोळ्या करता करता कपाटाच्या कडीला तार गुंडाळत होते. वाकवली, सरळ केली, परत वाकवली, तशी ती ताठ होत गेली. काकांनी ते पाहिलं आणि तव्यावर पोळी असताना मला बाहेरच्या खोलीत बोलावलं. सतरंजी अंथरून तिला एका टोकाला चुणी पाडली आणि ती चुणी हाताने पुढे सरकवत नेली.

"तार वाकती तव्हा आत हे होऊन राह्यलं. लोखंड बारीक दाण्यांचं असतं. एकेका दाण्यात सगळं ओळीनं बसलेलं असतं. एखादी ओळ चुकलेली असती, ती चूक अशी सरकत जाती."

मग दुसरी सतरंजी आडवी लावली. चुणी तिच्या कडेला आली आणि थांबली.

"दुसऱ्या दाण्याचा बांध आला. अडली. मागून दुसरी आली, तिसरी आली. गर्दी झाली की तार ताठ. अजून वाकवा, तिथंच चीर पडती. आता कसला वास येऊन राह्यला?"

पोळी करपली होती. ती का करपली, हेही त्यांनी सांगितलं.

तेव्हापासून "बांधावर अडलं" हे त्यांचं बोलणं मी नीट ऐकू लागले. नळाला पाणी नाही, बांधावर अडलं. गल्लीत रिक्षा खोळंबल्या, बांधावर अडलं. एकदा त्यांनी घासून आरशासारखं केलेलं, तेजाब लावलेलं लोखंड घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, त्याला ते दुर्बीणच म्हणतात. माझं माहेर टेंभुर्णीचं. तिथल्या टेकडीवरून वावरं दिसतात तसं दिसलं, लहानमोठे तुकडे आणि मधे काळे बांध. किती वर्षांत मी त्या टेकडीवर गेले नाही. डोळा काढावासाच वाटेना.

"बांधावर काय असतं काका?"

"काही न्हाई. दोन्हीकडं एकच लोखंड. फक्त तोंडं वेगळीकडं. तेवढ्यानं हद्द होती."



दोघा भावांचं बोलणं बंद आहे. सुगनशेठच्या मुलीच्या साखरपुड्यात नवरदेवाच्या मामांची लोखंडी खुर्ची मोडली आणि मामा खाली आले. सगळे त्यांना उचलायला धावले. काका खुर्चीच्या पायाचा दुसरा तुकडा शोधायला धावले. "जरा सरका," ते मामांना म्हणाले, "तुमच्या खाली असंल."

सुगनशेठ सगळ्यांदेखत म्हणाले, "भाईसाब, तुम्हाला माणसं दिसतच न्हाईत." लग्न छान झालं. भाऊ मात्र एकमेकांशी परत बोलले नाहीत.

गच्चीवर एक तार तेवढी दोघांची होती. तरुणपणी दोघांनी मिळून बांधलेली. भिंत घालतानाही ती कुणी काढली नाही. इकडे यांचे कपडे, तिकडे त्यांचे. मागच्या आठवड्यात ओल्या चादरींच्या ओझ्याने ती बरोबर भिंतीवर तुटली. काका खूश होतील म्हणून मी त्यांच्या बाजूची तार धावत खाली आणली.

त्यांनी तुटलेल्या टोकाला कोरडं फडकं गुंडाळलं. तुटल्या तोंडाला बोट लागलं की गंज चढतो, तुटण्याची खूण जाते, असं ते नेहमी सांगतात. पण दुर्बिणीखाली काही ठेवलं नाही.

"बघत न्हाई का?"

"दुसरा तुकडा?"

"पलीकडं असंल. मी आणते की. मला जायचंच आहे."

"न्हाई." फडक्याची गाठ घट्ट करत ते म्हणाले, "तुम्ही आणला तर निसता तुकडाच येईल, बाई."

मी पलीकडे गेले. शेठाणी म्हणत होत्या, ती जुनी तार भंगारात द्या. "राहू दे," सुगनशेठ म्हणाले. तार कोनाड्यात गुंडाळून ठेवलेली होती. तिच्या टोकावर दुकानातलं नवं कोरं कापड बांधलेलं होतं.

मी कुणाचं इकडचं तिकडे सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"काका, त्यांनी टोक झाकून ठेवलंय. कापडात."

काकांनी चष्मा काढला. "कोरड्या?"

"कोरड्या."

"बराबर," ते म्हणाले.

मग आतून दुसरं स्टूल आणलं, पुसलं आणि दुर्बिणीसमोर आपल्या स्टुलाशेजारी ठेवलं. ते अजून तिथेच आहे. झाडताना मी ते हलवत नाही.