नावं ठेवणारं गिऱ्हाईक

गाडी विकायची हे काकूंनी ठरवलं होतं आणि ती विकायची नाही हे काकांनी. फरक इतकाच की काकूंनी ते बोलून दाखवलं होतं आणि काकांनी मनात ठेवलं होतं.

गाडी म्हणजे एक बुटकी, रुंद, उंच चाकांची छोटी एसयूव्ही. तिच्या जातीच्या गाड्या जाहिरातीत डोंगर चढतात. ही फुटपाथ चढायची, तोही तिच्या मनात आलं तर. काकांनी घेतली तेव्हाच ती दोन मालक बघून आलेली होती. घरी आणल्याबरोबर त्यांनी तिचं नाव ठेवलं ‘ठमी’. तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, “नाव तुम्ही ठेवलंत ना? आता नावं मी ठेवते.” आणि बाई शब्दाला जागल्या. पण मागच्या महिन्यात बहिणीकडे समारंभाला जाताना ठमी भर पुलावर बसली. काकूंनी नव्या चपला हातात घेऊन तिला पूल संपेपर्यंत ढकललं आणि काका आत बसून “जरा डावीकडून जोर लाव” असं सांगत होते. पूल संपला तसा काकूंचा धीरही संपला.

काकांचं दुखणं वेगळंच होतं. पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचं ऐकून घेणारं ठमीशिवाय कुणी उरलं नव्हतं. चहा झाला की खाली जायचं, तिला पुसायचं, बॉनेट उघडून आत डोकं घालायचं आणि तोंड काळं करून वर यायचं, यात सकाळ कशी छान जायची. ती गेली तर सकाळी करायचं काय? पेपर तरी माणूस किती वेळ वाचणार!

आधी दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. पहिला एक शिंपी होता. “वा काका, काय जपलीय हो गाडी!” म्हणाला बिचारा. काका लगेच काकूंकडे वळले. “ऐकलंस? परका माणूस सांगतोय. अशी गाडी कुणी विकतं का?” शिंपी चहा पिऊन गेला. नंतर बँकेतल्या एक बाई आल्या, त्यांना सीटं आवडली. त्यांनाही चहाच मिळाला. गाडीची स्तुती केली की काका ती विकत नाहीत, हे काकूंच्या नीट ध्यानात आलं. त्या काही बोलल्या नाहीत, आणि काकू बोलत नाहीत तेव्हा सावध व्हायचं असतं हे काकांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

रविवारी संध्याकाळी तिसरं गिऱ्हाईक आलं. हे गुरांचे डॉक्टर. तरुण, शांत, लाथ खायची सवय असलेला माणूस. खाचखळग्यांतून गोठ्यांवर जावं लागतं, म्हणून त्यांना उंच चाकांची गाडी हवी होती. त्यांनी ठमीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “म्हातारी झालीय हो.”

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “म्हातारी नाही, मुरलेली आहे. लोणचं आणि गाडी, मुरल्याशिवाय मजा नाही.”

“खाली तेल सांडलंय.”

“म्हणजे आत तेल आहे! ज्यांच्यात नसतं त्यांचं सांडत नाही.”

“बरं, चालवून बघतो. किल्ली द्या.”

“थांबा, सुरू मी करून देतो. ती नव्या हाताला लाजते.” काका दारातून आत वाकले, एक गुडघा स्टेअरिंगखाली टेकवला, डॅशबोर्डवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, “ऊठ ठमे.” किल्ली फिरली. ठमी खोकली, थरथरली आणि उठली. मग डॉक्टर गाडी चालवायला बसले आणि काका शेजारी.

गल्लीचं वळण यायच्या आत डॉक्टर म्हणाले, “हा खडखडाट कसला?”

“बोलते ती. मुकी गाडी कधी दगा देईल सांगता येत नाही. ही आधी सांगून ठेवते.”

“आणि हा समोर पिवळा दिवा? इंजिनात बिघाड असला की लागतो ना हा?”

“तो कायम लागलेलाच असतो. विझला तर मात्र मला लगेच कळवा.” बोलून गेल्यावर काकांनी जीभ चावली. ‘मला कळवा’ म्हणजे काय, गाडी द्यायची थोडीच होती? आत्ता गप्प बसलं असतं तरी काम झालं असतं. ठमी आपल्या परीने स्वतःला वाचवायची धडपड करत होती. खडखडत होती, मागे निळा धूर सोडत होती. काकांनी फक्त तोंड मिटून बसायचं होतं. पण ठमीला कुणी बोललं की त्यांच्या आतून काहीतरी उसळून यायचं, त्याला ते तरी काय करणार! आपला तो बाब्या.

बाजाराच्या चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला. काकांनी झटकन हात पुढे करून हीटर पूर्ण सोडला. दोघांच्या तोंडावर भट्टीसारखी हवा आली.

“काका, या उकाड्यात हीटर?”

“इंजिनाची गरमी आपण थोडी वाटून घ्यायची. घरातलं माणूस तापलं तर आपण नाही का ऐकून घेत?”

डॉक्टरांनी घाम पुसला. “सरळ सांगू? अशी गाडी मी जनावर म्हणून तपासली असती, तर मालकाला म्हटलं असतं, आता हिला त्रास देऊ नका.”

हे मात्र फार झालं. काकांनी गाडी तडक घरासमोर आणून थांबवायला लावली. त्यांच्या बाजूचं दार आतून उघडत नसे, म्हणून डॉक्टरांनी इंजिन चालूच ठेवून पलीकडून येऊन दार उघडलं. “हेही बिघडलंय वाटतं?” ते म्हणाले, आणि काकांचा बांध फुटला.

“बिघडलेलं नाही! शेजारच्याला मान देऊन उतरवून घ्यावं, म्हणून आहे ते! अहो, एक महिना चालवून बघा हिला. मग जर हिच्याबद्दल वाईट बोललात तर मी नाव बदलीन! पण तुमच्यात हिंमत कुठली? नवीन गाड्यांत बसून हवा खाणारी माणसं तुम्ही!”

“घेतो,” डॉक्टर म्हणाले.

“काय घेता?”

“गाडी. तुमच्या शब्दावर. काकूंनी सांगितलेली किंमत मला मान्य आहे.” आणि त्यांनी हात पुढे केला.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी काकूंकडे बघितलं, तर त्या फाटकाला टेकून शांतपणे उभ्या होत्या. दिलेला शब्द गिळता येईना. त्यांनी हात पुढे केला, आणि डॉक्टर गाडी घेऊन गेले. वळणावर ठमीचा मागचा दिवा एकदा लागला, तो ब्रेकचा होता की तिचा ढिला संपर्क जुळला होता, कोण जाणे. काकांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

घरात आल्यावर काकूंना राहवेना. “चिडू नका हं. डॉक्टरांना मीच सांगून ठेवलं होतं. म्हटलं, गाडीला नावं ठेवा, हे स्वतःच विकून टाकतील.”

काका खुर्चीच्या कडेवर टेकले. “म्हणजे त्यांना आधीच सगळं माहीत होतं?”

“सगळं. फसवाफसवी मला जमत नाही. परवा तुम्ही केस कापायला गेला होता, तेव्हा ते मिस्त्रीला घेऊन आले होते. तेल, दार दाखवलं, दिवा नि हीटरचं तोंडी सांगितलं. तरी ते म्हणाले, एवढ्या किमतीत परवडतं, दुरुस्त करून घेईन.”

“आणि सुरू करून बघितली?”

“कशी बघणार? किल्ली तुमच्या खिशात!”

“हं,” काका म्हणाले. मग खुर्चीत नीट बसून त्यांनी चहा मागितला. एवढं पचवल्यावर हा माणूस चहा मागतो, याचं काकूंना नवल वाटलं, पण त्यांनी आनंदाने आलं जरा जास्तच घातलं.

सकाळी फोन वाजला तो काकूंनी उचलला. डॉक्टर होते आणि त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

“काकू, गाडी सुरू होत नाहीये. किल्ली फिरवून फिरवून हात दुखला. शेवटी मी काकांसारखा डॅशबोर्डवरून हात फिरवला, ‘ऊठ ठमे’ पण म्हणालो. मोठ्यांदा म्हणालो. शेजारी जमलेत सगळे.”

काकूंनी वळून बघितलं. काका खांद्यावर पुसायचं फडकं टाकून, भांग पाडून दारात तयार उभे होते.

“तिच्या स्टेअरिंगखाली एक वायर ढिली आहे,” ते म्हणाले. “नेमक्या जागी गुडघा दाबला तरच उठते.”

“अहो, मग फोनवर सांगा ना त्यांना!”

“गुडघा फोनवर दाखवता येतो होय? जावंच लागेल. पहिले काही दिवस रोजच जावं लागेल.”

“पण मग हे काल सांगायचं राहिलं कसं?”

“राहिलं नाही,” काका चपला पायात सरकवत म्हणाले. “ठेवलं.”